मोटेच्या नाड्यापासून ट्रॅक्टरच्या विंचपर्यंत



यंदा आपल्या भागात ट्रॅक्टरला, पिकअपला, ट्रॉलीला विंच लावायचं वारं आलंय. चार बोल्ट लावले की बसते, काम झालं की काढून खोलीत ठेवता येते. ऊस तोडीला अजून वेळ आहे, पण आत्तापासून पोरं मोबाइलवर बघून किमती विचारायला लागलीत. वस्तू कामाची आहे यात वाद नाही. पण ती नवीन आहे असं कुणी समजू नये. दोर गुंडाळून ओझं ओढायचं, आणि यंत्र आज इथं तर उद्या तिथं बसवायचं, ही विद्या आपल्या शिवारात जुनी आहे. तिचा थोडा इतिहास लिहितोय, कारण त्या इतिहासात जे धडे आहेत ते दुकानदार सांगत नाही.

प्रत्येक ओढीच्या यंत्राला तीन प्रश्न विचारायचे. ताकद कुठून येते? यंत्र स्वतः कशाला धरून उभं आहे? आणि ताकद अचानक थांबली तर ओझं कोण धरतं? हे तीन प्रश्न ध्यानात ठेवून पुढं वाचा.

मोट

साठीच्या पुढची मंडळी मोट विसरलेली नाहीत. विहिरीच्या काठावर दगडी थारोळं, त्यावर लाकडी चाक, आणि समोर उताराची धाव. जाड दोर तो नाडा, त्यानं मोट वर यायची. बारीक दोर तो सोंदूर, त्यानं मोटेची सोंड धरलेली असायची. मोट वर आली की सोंड थारोळ्यात सैल पडायची आणि पाणी आपोआप पाटाला लागायचं. माणसानं हातानं मोट उपसायची गरजच नव्हती.

यात हुशारी धावेची आहे. बैल ओझं ओढताना उताराला चालायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन कामाला यायचं. हाकणारा गडी नाड्यावर बसायचा, त्याचंही वजन त्यात. परत येताना चढ, पण तेव्हा मोट रिकामी. विहीर जेवढी खोल तेवढी धाव लांब, हा हिशेब अडाणी माणसालाही पाठ होता.

आता तीन प्रश्न लावून बघा. ताकद बैलांची आणि उताराची. धरून उभं होतं ते दगडी बांधकाम, हलायचा प्रश्न नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मोटेकडं उत्तर नव्हतं. शिवळ मोडली, नाडा तुटला की मोट थेट विहिरीत. म्हणून मोट चालू असताना विहिरीत माणूस उतरू द्यायचा नाही, ही जुन्या माणसांची शिस्त होती. यंत्रात नसलेला ब्रेक त्यांनी वागण्यात ठेवला होता.

बैलांची ओढ किती पुरते

नुसत्या बैलांच्या ओढीला मर्यादा असते, हे आपल्या मावळच्या वाटेनं इंग्रजांनाही दाखवलंय. १७७८ च्या अखेरीला मुंबईहून त्यांची फौज पुण्याकडं निघाली. चार हजारांच्या आतबाहेर शिपाई आणि सामान-तोफांसाठी एकोणीस हजार बैल. बोरघाट चढून ती फौज मुंगीच्या पावलानं सरकत होती. तोपर्यंत मराठ्यांनी पुढचा मुलूख रिकामा केला, चारा जाळला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला फौज कोंडून तह करायला लावला. लढाईची कारणं बरीच आहेत, पण एक शेतकऱ्याला लगेच कळतं. एवढे बैल म्हणजे एवढा चारा. ओढणारं जनावर स्वतःच एक ओझं असतं.

हीच अडचण शेतात ट्रॅक्टरची होते. रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर चिखलात घातला की तोही रुततो. यावर उपाय काय, तर ओढणारा कोरड्यावर उभा करायचा आणि फक्त दोर चिखलात पाठवायचा.

वायर रोप आणि फाउलरचा नांगर

हा उपाय इंग्लंडात जॉन फाउलरनं नांगरटीत आणला. वाफेचं इंजिन इतकं जड की शेतात घातलं तर माती दाबून दगड करणार. म्हणून इंजिन बांधावर उभं करून त्याच्या पोटाखाली आडवा ड्रम बसवला आणि दोरानं नांगर शेतातून ओढला. १८५८ मध्ये त्याला तिथल्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडाचं बक्षीस मिळालं. पुढं दोन इंजिनांची पद्धत आली. शेताच्या दोन बाजूंना दोन इंजिनं, आणि नांगर मध्ये इकडून तिकडं. अमेरिकेतल्या यादवीमुळं १८६० च्या दशकात कापसाचा भाव पेटला, तेव्हा इजिप्तनं असे नांगर मोठ्या संख्येनं नेले.

हे जमलं ते वायर रोपमुळं. लोखंडी तारांचा पिळलेला दोर जर्मनीत हार्झच्या डोंगरातल्या खाणीत विल्हेल्म अल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं १८३४ मध्ये वापरात आणला. त्याआधी खाणीत तागाचे दोर नाहीतर साखळ्या होत्या. साखळीचं दुखणं असं की एक कडी गेली की सगळी साखळी गेली, आणि ती आधी सांगत नाही. वायर रोपमध्ये एकेक तार आधी तुटते, काटे बाहेर येतात, हाताला टोचतात. म्हणजे दोर आपल्याला नोटीस देतो. ती वाचायची की नाही हे आपल्यावर.

आजही आपल्याकडं रुतलेल्या ट्रॉलीला जुनी साखळी लावून झटका देतात. खाणीवाल्यांनी जे जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सोडलं, ते आपण अजून धरून आहोत.

यारी : आपली खरी काढघाल विंच

आता येऊ आपल्या मातीवर. महाराष्ट्रातली पहिली मोठी काढघाल विंच कुठली म्हणाल तर विहीर खोदायची यारी. एक उभा खांब, त्याला तिरका फिरता वासा, चारी बाजूंनी तारेचे ताण, खाली ड्रम. ओझं वर आलं की वासा फिरवून दगड काठावर ओतायचे. आधी ड्रमला दोन्हीकडं हँडल असायची आणि माणसं ती फिरवायची. पुढं डिझेल इंजिन, पट्टा, क्लच आणि ब्रेकचा दांडा आला. एका विहिरीचं काम संपलं की यारी सुटी करून बैलगाडीत, नंतर ट्रॉलीत घालून पुढच्या गावाला. हे काम करणाऱ्यांत वडार समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या बागायतीचा पाया त्यांच्या हातांनी खोदलाय, हे लिहून ठेवलं पाहिजे.

यारीनं किती ओझं उचललं याचा हिशेब करा. तीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर. अंगचं माप निघतं साधारण २८ हजार घनफूट, म्हणजे २८० ब्रास. वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण, सगळं सरासरी धरलं तर वजन दोन हजार टनांच्या आसपास. आणि फोडल्यावर माल फुगतो, म्हणून काठावर पडतो तो चारशे ब्रासपर्यंत. एका विहिरीमागं एवढं सगळं दोराला लटकून वर आलेलं आहे. यारी नव्हती तेव्हा हेच ओझं बायामाणसांनी पाट्यांत भरून डोक्यावरून वर आणलं.

१९७२ च्या दुष्काळानं सगळ्यांना विहिरीचं मोल शिकवलं. रोजगार हमीची कामं त्याच काळात पसरली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुढं जवाहर विहीर योजना आली. एकीकडं किर्लोस्करांसारखे कारखाने पंप आणि इंजिनं बनवत होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली. वीज आली, मोट गेली. पण मोटार बसवायला आधी विहीर पाहिजे, आणि विहिरीला यारी. पंपाचा इतिहास सगळे सांगतात, यारीचा कुणी सांगत नाही.

तीन प्रश्न यारीला लावा. ताकद इंजिनाची. धरून उभी आहे ती ताणांवर, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर. पाऊस पडून माती भिजली की खुंटी सैल होते आणि वरून काही दिसत नाही. तिसरा प्रश्न, ओझं धरणारा ब्रेक. तो दांड्यावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात. आणि इथं मोटेची शिस्त मोडली. कारण यारीखाली माणूस असतोच, त्याशिवाय दगड भरणार कोण? वरून माणसंही त्याच बकेटीतून वर-खाली करतात. दोर तुटून, यारी कलंडून मजूर गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून वाचायला मिळतात. कारखान्यातली क्रेन, तिचा दोर, साखळी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायचं बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानं घातलं होतं. विहीर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून शिवारात ती तपासणी आपणच करायची.

ट्रॅक्टर आला, तोंड मिळालं

विंच गाडीवर पक्की बसली ती लष्करामुळं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी ट्रकांना पुढच्या बंपरवर विंच असायची, इंजिनच्या गिअरबॉक्सवरून शाफ्टनं फिरणारी. त्या शाफ्टमध्ये मुद्दाम एक कमजोर पिन ठेवलेली असे. ओढ मर्यादेबाहेर गेली की दोर तुटायच्या आधी पिन तुटायची. आपल्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तोच. तो सारखा तुटतो म्हणून तिथं जाड बोल्ट घालणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. बॅटरीवर चालणारी विंच हौशी जीपवाल्यांसाठी अमेरिकेत वॉर्न कंपनीनं १९५९ मध्ये काढली. आज मोबाइलवर जी दिसते ती तिचीच नातवंडं.

शेतीच्या बाजूनं दोन शोध महत्त्वाचे. एक पीटीओ, जो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विक्रीच्या ट्रॅक्टरवर आला आणि पुढं मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठरला. दुसरा हॅरी फर्ग्युसनचा थ्री पॉइंट लिंकेज, जो १९३६ पासून त्याच्या ट्रॅक्टरवर विकायला आला. या दोन्हींमुळं कुठलंही अवजार पाच मिनिटांत जोडायचं आणि सोडायचं झालं. नॉर्वे-फिनलंडच्या जंगलात शेतकरी याच लिंकेजला विंच लावून झाडाचे ओंडके ओढतात. त्या विंचला खाली रुंद लोखंडी पातं असतं. लिंकेज खाली सोडलं की पातं जमिनीत रुततं आणि ओढ मातीवर जाते. आपल्या थारोळ्याचंच काम ते पातं करतं.

बसवायची कुठं

आता कामाचं. पहिला नियम, ओढ खाली पाहिजे. दोर ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बांधला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो. टॉप लिंकला, सीटच्या मागच्या पाइपाला, रोलबारला दोर कधी बांधू नये.

दुसरा, विंचला प्लेट द्यावी आणि प्लेट चासीला. ट्रॉलीच्या पत्र्याला चार बोल्ट मारून बसवलेली विंच पत्र्यासकट येते. काढघाल करायची तर चासीला पक्का चौकोनी पाइप वेल्ड करून घ्यावा, विंचच्या प्लेटखाली त्यात बसणारा दुसरा पाइप, आणि आरपार एक जाड पिन, पिनेला कुलूपकाटा. म्हणजे तीच विंच ट्रॅक्टरलाही, पिकअपलाही, ट्रॉलीलाही. वेल्डिंग ओळखीच्या चांगल्या कारागिराकडून, दोन्ही बाजूंनी.

तिसरा, ओढणारी गाडी कशाला तरी धरलेली पाहिजे. चाकाला लाकडी ओंडके लावा, नाहीतर गाडी मागून झाडाला रुंद पट्ट्यानं बांधा. झाडाला थेट तार लावली तर साल जाते आणि झाड मरतं.

ताकद कुठून

बॅटरीची विंच सोयीची, पण तिचा हिशेब कुणी करत नाही. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३७०० वॅट. १२ व्होल्टवर ते ३०० अँपिअरच्या पुढं जातं. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही देत नाही, म्हणजे सगळं बॅटरीतून जातं. म्हणून मिनिटभर ओढ, मग थांब, इंजिन चालू ठेव, मोटार हातानं तपास. गरम झाली तर बस.

विंच ट्रॉलीच्या मागच्या टोकाला आणि बॅटरी ट्रॅक्टरला, ही जोडणी फसते. दहा मीटर अंतर, जाऊन-येऊन वीस मीटर तार. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड केबल टाकली तरी ३०० अँपिअरला तीन व्होल्ट वाटेतच जातात. विंचला मिळतात नऊ. मोटार कण्हते, तापते, जळते, आणि आपण म्हणतो माल हलका होता. यावर उपाय म्हणजे ट्रॉलीवरच विंचजवळ वेगळी बॅटरी ठेवायची आणि ट्रॅक्टरवरून साध्या तारेनं ती सावकाश चार्ज करायची. पॉझिटिव्ह तारेत बॅटरीजवळच फ्यूज आणि हातानं बंद होणारा कटआउट हवाच.

पीटीओवरची विंच जास्त वेळ चालते. दोन टनाची ओढ मिनिटाला पंधरा मीटरनं काढायला सहा-सात हॉर्सपॉवर लागतात, गिअरचं घर्षण धरून दहा. कुठलाही ट्रॅक्टर ते देतो. पण आठ इंची ड्रमला ५४० फेऱ्यांवरून चोवीसच्या आसपास आणावं लागतं, म्हणजे मध्ये बावीसपट उतरवणारा गिअर हवा. भंगारातला डिफरन्शियल लावून ते करतात, तेव्हा ब्रेक ड्रमच्या बाजूला आहे का ते आधी बघा. गिअरच्या अलीकडं ब्रेक आणि मधला शाफ्ट तुटला, तर ओझं मोकळं. आणि पीटीओच्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर गळ्यातला गमछा, पदर, लेंग्याची नाडी काहीही गुंडाळतं. सेकंदाला नऊ फेऱ्या आहेत, माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हायड्रॉलिक मोटारीची विंच सगळ्यांत शांत. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या हायड्रॉलिक तोंडावर चालते, जोर मर्यादेला आला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. चाल मात्र हळू, आणि खर्च जास्त.

दोर

विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दहा सेंटिमीटरच्या ड्रमवर दहा मिलिमीटरचा दोर चौथ्या थरावर गेला की ओढ पहिल्याच्या ६५ टक्क्यांवर येते. म्हणून दोर जास्त सोडून ओढावं, पण ड्रमवर किमान पाच वेढे राहिलेच पाहिजेत.

दहा टनांची भरलेली ट्रॉली डांबरी सडकेवर दोन-तीनशे किलोच्या ओढीनं हलते. ओल्या काळ्या रानात तिलाच दोन-तीन टन लागतात, अ‍ॅक्सलपर्यंत बसली तर त्याहून कितीतरी जास्त. अशा वेळी झटका देऊ नका. आधी चाकापुढची माती फावड्यानं काढा, ऊस थोडा उतरवा, आणि दोर कप्पीतून परत आणून दुहेरी करा. ओढ जवळपास दुप्पट होते, चाल निम्मी. कप्पी दोनशे रुपयांची घेऊ नका, दुहेरी दोराचा सगळा भार तिच्यावर असतो.

दोराला क्लॅम्प लावताना खोगीर ओढीच्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर, असे किमान तीन. उलटा लावला की दोर चेंगरतो. ओढ चालू असताना दोराच्या मध्यावर पोतं किंवा जाड घोंगडी टाका, तुटला तर त्याची झेप कमी होते. दोर जेवढा लांब सोडलाय तेवढ्या अंतरात दोन्ही बाजूंना कुणी उभं राहायचं नाही. व्हिडिओ काढणारी पोरं तर नाहीच नाही.

आमच्या वढू बुद्रुकच्या काठाला भीमा आहे. चासकमान भरून नदीला पाणी सुटलं की नदीवरच्या मोटारी आणि पाइप घाईनं वर ओढावे लागतात. रात्रीची वेळ, निसरडा काठ, प्रत्येकाला आपली मोटार आधी पाहिजे. काढघाल विंचचा खरा उपयोग तिथं आहे. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक चांगली घ्यावी, काठावर काँक्रीटमध्ये एक कडी पक्की करून ठेवावी, आणि जून लागायच्या आधी एकदा दोर पूर्ण सोडून हातमोजा घालून तपासावा. काटे लागले तर तो दोर बदलायचाच.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. ही गाडी ओढायची विंच विहिरीवर उलटी टांगून तिनं माणूस खाली सोडू नका. बनवणारी कंपनी स्वतःच लिहिते की ही उचलायला नाही, माणसासाठी तर नाहीच. गाळ काढायला, फूटव्हॉल्व्ह बघायला माणूस उतरवायचा असेल तर कमरेला वेगळा दोर, तो वर खांबाला बांधलेला, आणि तो धरायला दोन माणसं.

तुमच्या भागात जुनी हातानं फिरवायची यारी अजून कुणाकडं पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी फोटो टाका. आणि विहिरीवर काम केलेल्या जुन्या मंडळींना विचारून लिहा, ब्रेकच्या दांड्यावर कुणाला उभं करायचे आणि ते कसं ठरवायचे. ते कळलं तर सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.